विषय: वरच्या खोलीतले रेडिएटर गार, बॉयलरचा काटा रोज खाली

मंडळींनो, नमस्कार.

आठवडा झाला, वरच्या मजल्यावरचे दोन्ही रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत खेळवून खोली तापवतात ते) तळाशी कोमट आणि माथ्याला थंडगार आहेत. सासूबाई नुकत्याच गावाहून आल्यात, त्यांची खोली वरच आहे. तीन-तीन गोधड्या घेऊन झोपतात, फार वाईट वाटतं. सकाळी बॉयलरचा पाण्याचा दाब दाखवणारा काटा ०.४ बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) असतो. हे रोज पाणी भरायची नळी उघडून १.५ पर्यंत भरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हीटिंग सुरू असलं की काटा तांबड्या पट्ट्याला टेकतो. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर काय करू?

— चोपड्याची सून

*

वहिनी,

मी सध्या गावी आहे, यावल तालुक्यात. तुमची मेल केळीच्या बागेत बांधावर बसून वाचली, आणि तुमच्या दुखण्याचा निम्मा भाग इथे डोळ्यांसमोरच होता.

विहिरीपासून बागेपर्यंतची आमची पाइपलाइन मधे एका टेकाडावरून जाते. तिथे एअर व्हॉल्व्ह आहे. आज सकाळी आबांनी मोटर टाकली तसा तो आधी सूंऽऽ करत हवा सोडू लागला, मग पाण्याचे चार शिंतोडे उडाले आणि गप्प झाला. मागे त्यात कचरा अडकला होता, तेव्हा शेवटच्या ओळींच्या ठिबकला पाणीच पोचेना. पाण्याची वाट हवेने अडवली होती. तुमच्या रेडिएटरच्या माथ्याशी हेच झालंय. (उलट असतं, म्हणजे माथा गरम आणि तळ गार, तर आत गाळ बसलाय असं समजा; हवा काढून उपयोग नसतो.)

फरक एवढाच की मोटर बंद झाली की आमच्या लाइनमधलं पाणी उतरतं, म्हणून तिथे रोज हवा शिरणारच. तुमचं चक्र बंद आहे. त्यात रोज हवा येते आणि रोज पाणी घटतं, याचा अर्थ पाणी कुठून तरी बाहेर जातंय. ते शोधायला हवं. नुसतं भरत राहू नका. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा असते, तापलं की ती सुटते, आणि त्यातला ऑक्सिजन रेडिएटरचं लोखंड आतून खातो.

आता आकडे बघा. दहा मीटर उंच पाण्याला साधारण १ बार दाब लागतो. बॉयलर तळमजल्यावर असेल तर वरच्या रेडिएटरच्या माथ्यापर्यंत चार-पाच मीटर होतात, म्हणजे नुसतं पाणी वर टिकवायलाच ०.४ ते ०.५ बार गेले. सकाळी काटा ०.४ वर असतो तेव्हा वर दाब उरतच नाही, आणि बारीकशा फटीतूनही हवा आत ओढली जाते.

मग पाणी जातं कुठे? काटा तांबड्याकडे जातो, तिथेच मला उत्तर दिसतंय. पाणी १० अंशांवरून ७० वर गेलं की दोन टक्क्यांहून थोडं जास्त फुगतं. शंभर लिटरमागे दोन लिटर. ते सामावून घ्यायला एक्स्पान्शन टाकी असते, मधे रबरी पडदा, पलीकडे हवा. तिथली हवा गेली की वाढलेल्या पाण्याला जागा राहत नाही, दाब चढतो आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह ते पाणी बाहेर टाकतो. रात्री गार झालं की काटा तळाला. सगळं जुळतं, वहिनी.

आज रात्री सेफ्टी व्हॉल्व्हच्या, भिंतीबाहेर निघणाऱ्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. नळी कधीही बुजवू मात्र नका, पाणी कढत येऊ शकतं, म्हणून पिशवी सैलच असू द्या. सकाळी पाणी साठलेलं दिसलं तर नक्की झालं.

रेडिएटरचं काम तुम्ही स्वतः करू शकता. हीटिंग बंद करून सगळं गार होऊ द्या. आधी काटा १.२ वर आणा, दाब नसेल तर हवा निघणार नाही. भरून झाल्यावर भरायच्या नळीचे दोन्ही कॉक घट्ट बंद. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. फडकं आणि वाटी धरा, रेडिएटरच्या माथ्याशी असलेल्या हवेच्या स्क्रूला किल्ली लावून डावीकडे पाव फेरा, त्याहून जास्त नाही. हवा सुटेल; पाण्याची सलग धार आली की लगेच बंद. पाणी काळं आलं तर मेकॅनिकला आवर्जून सांगा. शेवटी काटा पुन्हा बघा, हवा काढली की तो उतरतोच.

बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका. ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस मेकॅनिकांची अधिकृत यादी) नोंदणीवाल्याचंच.

— यावलकर

*

भाऊ,

सकाळी पिशवीत कपभर पाणी होतं. मेकॅनिकला फोनवर हे सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी आला. त्याने टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आलं. पडदा फाटला होता. टाकी बदलली, रेडिएटरमध्ये गंज रोखणारं औषधही घातलं. आता गार असताना १.२, तापल्यावर १.६, चार दिवस तसंच आहे.

सासूबाईंच्या दोन गोधड्या कपाटात गेल्या. त्या रोज आबांच्या त्या व्हॉल्व्हची गोष्ट विचारतात. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

— चोपड्याची सून