नववीचा मुलगा: इंग्रजी शब्द पाठ होतात, पण लिहिताना सुचत नाहीत

सेमीइंग्रजी_पालक

मुलगा नववीत आहे, सेमी-इंग्रजी माध्यम. अवघड इंग्रजी शब्दांची ए टू झेड यादी आणली आहे, हजार शब्दांची. रोज वीस शब्द आणि समोर त्यांचे मराठी अर्थ, असं पाठांतर चालतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पंधरा येतात, आठवड्याने चार-पाच. निबंधात तर उतरतच नाहीत आणि उतरले तर भलत्या जागी: 'न्यूटन वॉज अ नोटोरिअस सायंटिस्ट'. यादी बदलावी की पद्धत? रोज अर्धा तास देता येईल.

टिपणवही

दोन्ही बदला, पण आधी यादी. वर्णानुक्रमाने पाठ केलं की सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी डोक्यात शिरतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात. 'अ‍ॅडव्हर्स' म्हणजे प्रतिकूल, 'अ‍ॅव्हर्स' म्हणजे नावड असलेला. हे दोन्ही एका बैठकीत शिकले तर कुठला कुठला हे महिनाभर कळत नाही. समानार्थी शब्दांचे गठ्ठे पाठ करण्यातही तोच धोका आहे. एक पक्का झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा घ्या.

शब्द निवडायला चांगला आधार म्हणजे भाषाभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट'. तिच्यात 570 शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) दहा टप्प्यांत आहेत, सर्वात जास्त आढळणारी पहिल्या टप्प्यात. 'असेस', 'डिराइव्ह', 'इंडिकेट', 'सिग्निफिकंट', 'व्हॅरी' असे शब्द. दिसायला भारदस्त नाहीत, पण सेमी-इंग्रजीच्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकात हेच रोज भेटतात. प्रश्नपत्रिकेतली 'जस्टिफाय', 'डिस्टिंग्विश', 'डिड्यूस' ही क्रियापदं नीट न कळल्यामुळे येत असलेलं उत्तरही चुकतं. तुमच्या हजारांच्या यादीतले विरळा शब्द नंतर, वाचनात समोर आले तर घ्या.

आता पद्धत. रोज पाचच नवे शब्द, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी फक्त उजळणी. चाळीस आठवड्यांत हजार होतात, त्यातले सातशे टिकले तरी मोठी कमाई आहे.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. तिथे रिकामी जागा असलेलं वाक्य, शब्दाचं पहिलं अक्षर आणि मराठी अर्थ. मागे शब्द, उच्चार आणि त्याच्याबरोबर नेहमी येणारे दोन शब्द. शब्द बघून अर्थ सांगणं सोपं असतं. त्याने वाचताना मदत होते, पण निबंध लिहिताना वाट उलटी असते, अर्थाकडून शब्दाकडे. त्या वाटेने एकदाही सराव झालेला नसतो, म्हणून पेन अडतं.

बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा: रोजचा, दिवसाआडचा, आठवड्याचा, पंधरवड्याचा, महिन्याचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की कुठूनही थेट पहिल्या कप्प्यात. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांची ही युक्ती आहे. पहिल्या कप्प्यात तीसपेक्षा जास्त कार्डं साठली तर नवे शब्द थांबवा, साठा उतरेपर्यंत. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते: नवे शब्द घेण्याची हौस असते, उजळणी तुंबते आणि खोकं माळ्यावर जातं.

धातुसाधित

वरचं पटलं. एक भर घालतो, कारण मराठी मुलांच्या हातात एक किल्ली आधीच असते आणि ती कोणी दाखवत नाही. इंग्रजीतले बरेच जड शब्द लॅटिनमधून आले आहेत आणि लॅटिन व संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. 'मृत' माहीत असेल तर 'मॉर्टल', 'इमॉर्टल', 'मॉर्च्युअरी' जवळचे वाटतात. 'अग्नी' आणि 'इग्नाइट', 'नाम' आणि 'नॉमिनल', 'दान' आणि 'डोनेट', 'दंत' आणि 'डेंटल'. 'जन्' धातूचे भाऊबंद म्हणजे 'जनरेट', 'प्रोजेनी', 'इंडिजिनस'. 'पश्य' मधला 'पश्' आणि लॅटिन 'स्पेक' हेही सख्खेच, म्हणून 'इन्स्पेक्ट', 'पर्स्पेक्टिव्ह', 'कन्स्पिक्युअस' या सगळ्यांत बघणं आहे. आठवड्याला एक मूळ आणि त्याचे तीन-चार शब्द पुरेत.

पण मूळ हा अंदाज असतो, अर्थ नव्हे. 'पेडेस्ट्रियन'मध्ये पाय आहे, 'पीडियाट्रिशियन'मध्ये नाही. तिथलं मूळ ग्रीक, अर्थ मूल. 'इन' हा उपसर्ग तर चांगलाच फसवतो. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोलाचा नव्हे, अनमोल. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारा नव्हे, चटकन पेटणारा. टँकरच्या पाठीवर हा शब्द असतो, तेव्हा हा घोळ नुसता व्याकरणाचा राहत नाही. मुळावरून अंदाज करायचा, वाक्यात बसतो का बघायचं, मग शब्दकोश उघडायचा. हाच क्रम ठेवा.

खडूफळा

'नोटोरिअस'चं दुखणं वेगळं आहे. मुलाने 'प्रसिद्ध' एवढाच अर्थ धरला, त्यातला 'कु' गळला. एका शब्दाला एक मराठी प्रतिशब्द लावला की असं होतं. म्हणून कार्डावर एक खूण करा: चांगल्या अर्थाचा असेल तर अधिक, वाईट असेल तर उणे, नाहीतर शून्य. 'चाइल्डलाइक'ला अधिक, 'चाइल्डिश'ला उणे. जोड्यांकडेही लक्ष हवं: 'इंडस्ट्रियल' म्हणजे औद्योगिक, 'इंडस्ट्रियस' म्हणजे कष्टाळू. 'इकॉनॉमिक' आर्थिक, 'इकॉनॉमिकल' काटकसरीचं.

शब्दाची सोबत तर पाठच हवी. प्रयोग 'कंडक्ट' करतात, निष्कर्ष 'ड्रॉ' करतात, धोका 'पोज' करतात. मराठीतून विचार करताना मराठीतलं शब्दयोगी अव्यय इंग्रजीत घुसतं. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. पण 'डिस्कस'मध्ये 'बद्दल' आलंच. 'यावर भर दिला' म्हणून 'एम्फसाइझ्ड ऑन'. क्रियापदाला 'ऑन' नको, नामाला हवं: 'एम्फसिस ऑन'.

उच्चार पहिल्याच दिवशी ऐकवा. विद्यार्थ्यांसाठीचे ऑनलाइन शब्दकोश फुकट असतात, त्यात स्पीकरचं चित्र दाबलं की उच्चार येतो. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी मुका. 'सटल' म्हणजे सूक्ष्म, त्यातही बी मुका. 'इनडाइट' म्हणजे आरोप ठेवणं, त्यात सी मुका. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. चुकीचा उच्चार बसला की वर्गात बोलायला मूल बिचकतं आणि ऐकताना तोच शब्द ओळखूही येत नाही.

सेमीइंग्रजी_पालक

खूप नेमकं सांगितलंत, आभार. दोन शंका. मोबाइलवरचं कार्डांचं अ‍ॅप चालेल का? आणि वाचनासाठी पुस्तक केवढ्या पातळीचं घ्यावं?

टिपणवही

अ‍ॅप चालेल, 'अँकी' चांगलं आहे, उजळणीची तारीख तेच ठरवतं. फक्त दुसऱ्याने बनवलेली तयार कार्डं उतरवून घेऊ नका. वाक्य शोधून स्वतः लिहिण्यातच निम्मा शब्द बसतो. नववीत स्पेलिंगही हवं, म्हणून उत्तर कागदावर लिहायचं आणि मगच कार्ड उलटायचं.

पुस्तकासाठी मधलं कुठलंही पान उघडून शंभर शब्द मोजा. अडलेले शब्द दोन-तीन असतील तर घ्या. पाचाच्या वर गेले तर सध्या ठेवून द्या, कारण आजूबाजूचंच कळत नसेल तर नव्या शब्दाचा अंदाज बांधायला आधार उरत नाही. अर्ध्या तासाची वाटणी अशी: दहा मिनिटं खोकं, पाच मिनिटं नवी कार्डं, पंधरा मिनिटं वाचन. वाचताना दर अनोळखी शब्दाला थांबू नये, पेन्सिलने टिंब द्यायचं. ज्यावर दुसऱ्यांदा टिंब पडेल त्याचंच कार्ड.

खडूफळा

निबंधात या आठवड्याचे दोनच शब्द आणायला सांगा, तेही सोबतीसकट. जिथे 'यूज' पुरतो तिथे 'युटिलाइझ' नको आणि 'प्लेथोरा' म्हणजे नुसतं पुष्कळ नव्हे, गरजेपेक्षा जास्त. तपासताना चुकलेला शब्द खोडू नका. त्याच्याखाली रेघ मारून ते कार्ड पहिल्या कप्प्यात टाका आणि वाक्य मुलालाच पुन्हा लिहू द्या.