मदत हवी आहे: बेकरीतल्या पिठाने खोकला

बेकरीत काम करणारं कुणी आहे का इथे? सुट्ट्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून माझी पाळी रात्री 2 ला सुरू होते. सगळ्या भट्ट्या एकदम चालू, त्यामुळे खोली इतकी तापते की ब्रेडचं पीठ वेळेआधीच फुगून जातं. बोटाने दाबलं की खळगा भरून येतच नाही. मळताना गार पाणी घालून त्यावर मार्ग काढलाय.

खरी काळजी खोकल्याची आहे. मिक्सरमध्ये पोतं ओतलं की पांढरा ढग उठतो, आणि पहाटेपर्यंत शिंका, नाक गळणं, छातीत घरघर. सुट्टीच्या दिवशी मात्र काहीच नाही! पिठाच्या धुळीने दमा जडू शकतो हे माहीत आहे, म्हणूनच भीती वाटते. डॉक्टरांकडे जाणारच आहे, पण तोवर काय करू? कापडी मास्कने भागत नाही. एन-95 लावून भट्टीसमोर 8 तास कुणी काढलेत का? पोतं खाली धरून हळू ओतणं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, याने फरक पडला का? आणि ऐन गर्दीत मालकांना हे कसं सांगितलंत? काम मला मनापासून आवडतं, सोडायचं नाहीये.