कारवारचा नौदल तळ मोठा होतो आहे; कारवारची तयारी कोणी करायची?

किनारेकर (धागालेखक)

मुंबईच्या बंदरात युद्धनौका आणि व्यापारी जहाजे यांची दाटी होते, हा धोका १९७१ च्या युद्धानंतर नौदलाला प्रकर्षाने जाणवला. पुढे तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल डॉसन यांच्या पुढाकाराने पश्चिम ताफ्याचा मोठा भाग कारवारजवळ हलवण्याची योजना आकाराला आली. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी राजीव गांधींनी 'सीबर्ड' प्रकल्पाची कोनशिला बसवली आणि ३१ मे २००५ रोजी 'आयएनएस कदंब' हा तळ कार्यान्वित झाला. आता दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात ३२ जहाजे व पाणबुड्या, पूर्ण क्षमतेची गोदी, अंकोल्याजवळ अलगेरी येथे धावपट्टी आणि सुमारे १०,००० गणवेशधारी व नागरी कर्मचाऱ्यांची कुटुंबांसह राहण्याची सोय, इतका पसारा आहे. कारवार व अंकोला या दोन्ही तालुक्यांच्या किनाऱ्यावरील गावांतून ४,००० हून अधिक कुटुंबे या प्रकल्पासाठी उठवली गेली, हेही याच हिशेबात धरले पाहिजे.

माझा मुद्दा तळाच्या भिंतीबाहेरचा आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या या भागाला राष्ट्रीय महामार्ग ६६ हीच एक मुख्य धमनी आहे. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळली तेव्हा तो बंद पडला, आणि पुढच्याच महिन्यात काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. शहरात वैद्यकीय महाविद्यालय असूनही गंभीर रुग्णाला गोव्यातील बांबोळी, मणिपाल किंवा हुबळी गाठावी लागते, म्हणूनच २०२२ मध्ये जिल्ह्यात सुपरस्पेशालिटी रुग्णालयासाठी लोक रस्त्यावर आले होते. अशा गावाशेजारी हजारो कुटुंबांची वसाहत उभी राहत असताना पाणी, सांडपाणी, रस्ता आणि रुग्णालय यांचा एकत्रित आराखडा आधी तयार हवा आणि त्यातला ठरावीक वाटा संरक्षण खात्याने प्रकल्पखर्चातूनच उचलायला हवा, असे माझे मत आहे. अमेरिकेत लष्करी तळामुळे वाढणाऱ्या गावांना नियोजनासाठी अनुदान देणारे स्वतंत्र कार्यालय १९६१ पासून आहे, आणि अशा भागांतील शाळांना केंद्रीय मदत देणारा कायदा १९५० चा आहे. आपल्याकडे अशी यंत्रणा का नसावी?

(सीमाप्रश्न कृपया या धाग्यात आणू नये. नळाला पाणी येणे न येणे त्यावर अवलंबून नाही.)

ताळेबंद

धागालेखकांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण प्रस्ताव मला चुकीचा वाटतो. सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यघटनेनुसार राज्याचे विषय आहेत. नौदलाच्या भांडवली खर्चातून शहराची गटारे बांधायची ठरवली तर उद्या प्रत्येक छावणीजवळची नगरपालिका हात पुढे करील आणि राज्य सरकारे आपली जबाबदारी अलगद झटकून मोकळी होतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाढीची तयारी 'आधी' करा असे म्हणणे सोपे असते, पण वाढ सांगितल्या वेळी येत नाही. कोनशिला आणि कार्यान्वयन यांच्यात इथे जवळपास एकोणीस वर्षे गेली, कारण १९९१ च्या आर्थिक अरिष्टानंतर प्रकल्पाला कात्री लागली. १९८६ चे आकडे धरून नगरपालिकेने कर्ज काढून जलशुद्धीकरण केंद्र बांधले असते, तर नव्वदच्या दशकात त्याचे व्याज कोणी भरले असते? प्रशांत महासागरातल्या ग्वाम या अमेरिकी बेटावरही हेच घडले. जपानमधील ओकिनावातून सुमारे ८,००० मरीन सैनिक तिथे हलवण्याचे २००६ मध्ये ठरले, त्या अंदाजावर बेटाची धावपळ सुरू झाली, आणि २०१२ मध्ये तो आकडा सुमारे ५,००० वर आला. अमेरिकेचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे. तिथे तळाबाहेरच्या रस्त्यासाठी संरक्षण खात्याचा पैसा मिळायचा तर तळामुळे रहदारी दुप्पट व्हावी लागते, असा निकष वर्षानुवर्षे चालत आला. आधीच कोंडलेल्या शहरी रस्त्यावर रहदारी दुप्पट होणे अशक्यच असते, त्यामुळे बहुतेक भार शेवटी राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवरच पडला.

निवृत्त नाविक

वादाच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. नाविकाचे कुटुंब शहराच्या बाजारात तुम्हाला वाटते तितके येत नाही. किराणा कॅन्टीनमधून, मुलांची शाळा वसाहतीत, दवाखाना नौदलाचा, आणि दोन-तीन वर्षांत बदली. त्यामुळे तळ मोठा झाला की दुकानाचे नशीब उघडेल, या भरवशावर कोणी कर्ज काढत असेल तर त्याने थांबून विचार करावा.

शहरावर खरा ताण येतो तो बांधकामाच्या वर्षांत. कंत्राटदारांचे मजूर भिंतीबाहेर भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात, त्यांना नौदलाचे रुग्णालय नसते आणि त्यांच्या पाण्याची जबाबदारी कोणाच्याच कागदावर नसते. भाडी वाढतात ती याच काळात, आणि त्याचा फटका बसतो तो शहरातल्याच भाडेकरूंना. तयारी करायची तर या वर्गाची आधी करावी.

किनारेकर

निवृत्त नाविक यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातूनच ताळेबंद यांच्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर मिळते. वाढीच्या अंदाजावर कर्ज काढावे, असे मी म्हणत नाही. ज्या दिवशी बांधकामाचे कंत्राट दिले जाते त्या दिवशी अंदाजाचा प्रश्न संपतो, कारण मजूर किती येणार आणि किती काळ राहणार हे कंत्राटातच दिसते. त्याच टप्प्यावर, त्याच रकमेतून, भिंतीबाहेरच्या सोयींचा हिस्सा बाजूला काढता येईल.

पहिल्या आक्षेपाबद्दल मात्र मी ठाम आहे. अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. म्हणजे हद्दीतली किंवा हद्दीला लागून असलेली सर्वांत मोठी मालमत्ता घरपट्टी देत नाही, आणि तिच्यामुळे वाढलेला कचरा, रहदारी व भाडेकरू मात्र घरपट्टी देणाऱ्यांनी सांभाळायचे. हा राज्याचा विषय आहे असे म्हणताना राज्याच्या हातातले साधन घटनेनेच काढून घेतले आहे, हे विसरता येणार नाही.

ताळेबंद

साधन पूर्णपणे काढून घेतलेले नाही. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जी तडजोड झाली, तिच्यानुसार केंद्राच्या कार्यालयांनी सेवाशुल्क द्यायचे असते: सर्व सेवा घेतल्यास मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही सेवा घेतल्यास ५० टक्के, आणि कोणतीही सेवा थेट न घेतल्यास ३३⅓ टक्के. नवी यंत्रणा, नवे कार्यालय आणि नवा कायदा मागण्यापूर्वी संबंधित नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी हे शुल्क आकारण्यासाठी मालमत्तांची मोजणी करून मागणीपत्र पाठवले आहे का, एवढे तरी कोणी विचारावे. आपल्याकडे निधीची मागणी पटकन होते, वसुलीची फाईल मात्र कोणालाच हलवायची नसते.

पोळे नाका

मी पलीकडच्या बाजूने, म्हणजे काणकोणहून लिहितो आहे. कारवारात सोय झाली नाही की रुग्ण आमच्याकडे बांबोळीला येतात, आणि २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क भरावे लागते, तेव्हा हा प्रश्न एका जिल्ह्याचा राहत नाही.

ताळेबंद यांचा मार्ग कायद्याने बरोबर असला तरी तो फार तोकडा आहे. सेवाशुल्क आकारायचे ते मालमत्ता कराच्या प्रमाणात, आणि ग्रामपंचायतीच्या दराने तो कर किती होणार? त्यातून दिवाबत्ती निघेल, रुग्णालय निघणार नाही. शिवाय ज्यांनी जमीन दिली त्यांचे काय, हे अजून कोणीच लिहिलेले नाही. या विस्तारातून ७,००० प्रत्यक्ष आणि २०,००० अप्रत्यक्ष रोजगार निर्माण होतील, असे संरक्षण मंत्रालयाची पत्रके सांगतात. प्रत्यक्ष नोकरीची भरती देशपातळीवर होते, तिथे प्रकल्पग्रस्ताच्या मुलाला रांगेत सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहावे लागते. नौदलाच्या जहाजदुरुस्ती यार्डात आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी मिळते, हा दरवाजा खरा आहे. वेल्डर, फिटर, पाइप फिटर आणि इलेक्ट्रिशियन या कामांच्या जागा कारवार-अंकोल्याच्या आयटीआयमध्ये वाढवणे हे राज्य सरकारला कोणाचीही परवानगी न घेता करता येईल.

ताळेबंद

आयटीआयबद्दल सहमत. रुग्णालयाबद्दल नाही, ते कर्नाटक सरकारनेच बांधले पाहिजे आणि त्यासाठी नौदलाकडे बोट दाखवणे म्हणजे बंगळुरूला सवलत देणे आहे.

किनारेकर

मग निदान अलगेरीपासून सुरुवात करू. धावपट्टीला लागून नागरी विमानतळही होणार आहे आणि त्याची जमीन राज्य सरकारने संपादित केली आहे, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य दोघेही एकाच कागदावर सही करणारे पक्ष आहेत. उठवलेल्या कुटुंबांची नवी वस्ती, तिचे पाणी आणि महामार्गाला जोडणारा रस्ता यांचा खर्च कोण किती देणार हे त्या कागदात लिहून घ्यावे, अशी मागणी तिथल्या ग्रामपंचायतीने ठरावाद्वारे करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, यावर तरी ताळेबंद यांचा आक्षेप नसावा.