कराडला घर बांधतोय, वीट घ्यावी का एएसी ब्लॉक?

प्रश्न: मलकापूरला दोन मजली घर काढलंय. इंजिनिअर एएसी ब्लॉक (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचा) म्हणतोय, वडील म्हणतात भट्टीची लाल वीटच पाहिजे, ब्लॉकमध्ये खिळा टिकत नाही. कुणी वापरलेत का?

गवंडी, सातारा: दादा बिनधास्त वापरा. ब्लॉक घनमीटरला साधारण ६०० किलो, वीट त्याच्या जवळपास तिप्पट, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागानं बघितलाय, भिंत हलकी असलेली बरी. पण माणूस ब्लॉकचं काम केलेलाच घ्या. जाड सिमेंटचा माल नको, ब्लॉक चिकटवायच्या तयार केमिकलचा ३ मिलिमीटर थर बास, आणि कॉलम-ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय गिलावा करूच देऊ नका.

सांगलीकर: जाळीचं शंभर टक्के खरंय! आमच्याकडं राहिली, पहिल्याच पावसाळ्यानंतर कॉलमच्या कडेनं स्लॅबपर्यंत उभी चीर, नख आत जातंय. अजून एक, ब्लॉक पाणी ओढतो, २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं म्हणून खाली तेवढी वीटच ठेवली.

गवंडी, सातारा: बरोबर केलंत. आणि खिळ्याचं म्हणाल तर प्लग-स्क्रू वापरा, वडलांना एक फ्रेम लावून दाखवा.