प्रति: झेडएसएम-५ मधील लोह आणि बनवण्याची पद्धत
झेडएसएम-५ या झिओलाइटमध्ये (सूक्ष्म छिद्रे असलेल्या, सिलिकॉन-ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चौकटीच्या स्फटिकी पदार्थात) लोहाचे एकूण प्रमाण सारखे असेल तर ते कसे घातले याने उत्प्रेरक म्हणून त्याच्या कामात फरक पडू नये, असे मत वर मांडले आहे. ते मला पटत नाही. द्रावणातून आयनविनिमय करताना (म्हणजे झिओलाइटमधल्या आयनांच्या जागी लोहाचे आयन बसवताना) फेरिक आयनाचे (Fe³⁺) जलविघटन, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया, इतक्या सहज होते, की बरेचसे लोह छिद्रांत शिरण्याऐवजी हायड्रॉक्साइड होऊन स्फटिकांच्या बाहेरच बसते. फेरिक क्लोराइडची वाफ वापरल्यास लोह-ॲल्युमिनियम गुणोत्तर १ च्या जवळ, म्हणजे दर ॲल्युमिनियम अणूमागे सुमारे एक लोह अणू, इतके नेता येते; मात्र नंतरच्या धुण्या-भाजण्यात त्यातलेही काही लोह एकत्र येऊन ऑक्साइडचे कण बनतातच. संश्लेषणाच्या वेळीच लोह चौकटीत गुंफले, तर पूड पांढरी राहते, आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला वाफ दिल्यावर ते हळूहळू चौकटीबाहेर येते. (पूड तांबूस दिसली, की मला आधी ऑक्साइडच्या कणांची शंका येते.) लोह कोणत्या रूपात आहे हे पाहताना, अतिनील-दृश्य वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो याच्या आलेखात) ३०० नॅनोमीटरखालचे शोषण सुट्या आयनांचे, ३०० ते ४०० मधले लहान समूहांचे आणि ४५० पलीकडचे ऑक्साइड कणांचे, अशी ढोबळ वाटणी करतात. या उत्प्रेरकांवरील नायट्रस ऑक्साइडच्या विघटनाचे आपण दिलेले आकडे या वर्णपटांसोबत मांडलेत, तर तुलनेला काही अर्थ राहील.