बेजचं सूत्र आणि रेसचा घोडा: ओल्या ट्रॅकचा पुरावा किती धरायचा?

माशेलवासी
गोव्यात रेसकोर्स नाही, पण मामा पुण्याला असतात. तिथला सीझन भर पावसाळ्यात सुरू होतो, तेव्हा ते रेसबुकचे फोटो पाठवतात आणि मी घरी बसून एक्सेल भरतो. एका घोड्याचा भाव 4-1 होता, म्हणजे एक लावून जिंकलं तर वर चार. ओल्या ट्रॅकवर तो 4 वेळा पळालाय, त्यात 3 वेळा पहिला. त्या दिवशी सकाळपासून पाऊस. मी जिंकायची शक्यता 75% धरली, मामा म्हणाले "डोळे मिटून लाव". मला मात्र हा आकडा पचत नाही. नवा पुरावा आला की आधीचा अंदाज किती हलवायचा, ते बेजचं सूत्र सांगतं. ते इथे नेमकं कसं लावायचं?

निवृत्त_मास्तर, म्हापसा
नाही पचला ते बरंच झालं. 75% हा चार शर्यतींचा हिशेब आहे, घोड्याची शक्यता नव्हे. आधी पावसाचं काहीच माहीत नसताना काय म्हणाला असतास, ते ठरव. त्यासाठी बाजारभाव घे. 4-1 म्हणजे पाचात एक, 20%. पण बुकी सगळ्या घोड्यांचे भाव असे लावतो की टक्के जोडले तर 100 च्या वर जातात. समज, बेरीज 120 आली. 20 ला 1.2 ने भागलं की 16.7, म्हणजे सहात एक.

आता या "सहात एक" वर तुझा विश्वास किती? तो जर 12 शर्यती बघून आलेल्या मताइतका असेल, तर 12 पैकी 2 मध्ये तुझे 4 पैकी 3 मिळव: 16 पैकी 5, 31%. विश्वास 60 शर्यतींइतका असेल तर 60 पैकी 10, त्यात तुझे 4 पैकी 3: 64 पैकी 13, जेमतेम 20%. पुरावा तोच, घोडा तोच. खरा वाद या 12 आणि 60 मध्ये आहे, आणि तो सूत्र सोडवत नाही. मी 60 च्या बाजूचा. बाजारात पैसे लावणारी माणसं काही आंधळी नसतात.

डिचोलीचा_अव्या, सध्या पुणे
मास्तरांच्या हिशेबात आणखी एक भर. ट्रॅक किती मऊ आहे ते पेनेट्रोमीटरने मोजून सगळ्यांना सांगतात. घोड्याचा ओल्या ट्रॅकवरचा इतिहास रेसबुकात छापलेला असतो. म्हणजे 4-1 हा भाव पाऊस धरूनच निघालाय. तू भावाला आधीचं मत मानून वर पुन्हा पाऊस मिळवलास, तर एकच पुरावा दोनदा मोजलास. बाजाराला दिसलं नाही असं काही तुझ्याकडे असेल तरच 16.7 हलवायचं.

आणि कर विसरू नकोस. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या बेटवर 40% जीएसटी आहे, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. 100 च्या बेटला खिशातून 140 जातात, जिंकलास तर 500 मिळतात. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायलाच 28% शक्यता हवी. मास्तरांचे 20% तिथेच आपटतात.

माशेलवासी
अव्या, म्हणजे 31% वालं गणित धरलं तरी जेमतेमच! मग हे सगळं शिकून उपयोग काय? त्यापेक्षा मांडवीतला कॅसिनो बरा.

निवृत्त_मास्तर, म्हापसा
तिथे गोंयकाराला आत घेत नाहीत, तेवढं सरकारने बरं केलंय! शिवाय एक शून्य असलेल्या रूलेटला 37 घरं, आणि चाक सरळ असेल तर मागचे हजार निकाल बघून पुढचं काही कळत नाही. घोड्याच्या बाबतीत निदान शिकण्यासारखं काही असतं.

संगणकावर घोड्यांच्या शक्यतांचं मॉडेल बनवून पैसे लावणाऱ्या बिल बेंटरने हाँगकाँगमध्ये हे मोठ्या प्रमाणावर केलं. त्याचा 1994 चा निबंध शोधून वाच. स्वतःच्या मॉडेलचे आकडे बाजारापेक्षा वर गेले की प्रत्यक्षात ते फुगलेले निघतात, हे त्याला दिसलं. म्हणून त्याने मॉडेल आणि बाजारभाव एकत्र केले. एवढी मोठी यंत्रणा असून त्याने भाव सोडला नाही, आणि तुझे मामा चार शर्यतींवर सोडायला निघालेत.

तू एक कर. सीझनभर पैसे न लावता, शर्यतीआधीच आपली टक्केवारी लिहून ठेव. ज्यांना तू 30% दिलेस, त्यांतले दहात साधारण तीन येतात का बघ. 12 घ्यायचे की 60, ते त्या वहीतूनच कळेल.

डिचोलीचा_अव्या, सध्या पुणे
वहीत भाव लिहिताना वेळही लिही. सकाळचा भाव आणि घोडे गेटमध्ये जातानाचा भाव यांत बराच फरक पडतो. तुलना शेवटच्या भावाशी कर. आणि मामांना विचार, ते 4-1 कधीचे होते?