वांदराचं पिल्लू घरी वाढवून मग जंगलात सोडता येते का?

संत्राबर्फी_नागपूर:
काटोल रोडला मोठ्या काकांचं शेत आहे, तिथं काल करंट लागून एक वांदरीन मेली, काळ्या तोंडाची, पोटाशी पिल्लू होतं ते वाचलं. आता ते काकूचा पदर सोडत नाही, बाटलीनं गाईचं दूध पिऊन राहिलं, पोरं तर येडी झाली त्याच्यामागं. काका म्हणे मोठं झालं का देऊ सोडून. मले गडबड वाटते पण त्यायले सांगू काय? कोणी पाळलं आहे का?

फुटाळा_फिरस्ता:
पाळू नका भाऊ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आन असं जनावर हाती लागलं तर ४८ तासांत कळवावं लागते. १९२६ वर फोन लावा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. सेमिनरी हिल्सले ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, म्हणजे जखमी-अनाथ जंगली जनावरायचा दवाखाना. पोरं बिस्किटं चारतीन ते बी थांबवा, वांदर पाला खाणारं जनावर, पोटात पाला आंबवते, मैदा-साखर त्याले सोसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
काही होत नाही बे, आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात होता एक, कोणाले चावला नाही कधी.

रात्रपाळी:
@ठेचा साखळीले बांधून होता का मोकळा, ते बी सांग ना.

काका म्हणतात ते 'मोठं झालं का सोडू' हाच खरा लोचा आहे. अमेरिकेत लूसी नावाची चिंपांझी होती, १९६४ चा जन्म, ओक्लाहोमात एका मानसशास्त्रज्ञाच्या घरी पोरीसारखी वाढवली, खुणांची भाषा शिकवली. मोठी झाल्यावर आवरेना तं १९७७ मध्ये आफ्रिकेत गांबियाले नेऊन सोडायची तयारी केली. तिले झाडपाला खाणं बी शिकवावं लागलं, एक बाई काही वर्षं तिथं राहिली त्याच्यासाठी. १९८७ मध्ये मेलेली सापडली. वांदर म्हणजे चिंपांझी नाही, मान्य, पण कोणाले भ्यायचं आन कळपात कसं वागायचं हे काकू शिकवू शकते का? माणसाले न भिणारा मोठा हुप्प्या, त्याचे सुळे पाह्यले का कधी? मग तोच गावात शिरते आन लोकं दगडं मारते.

घरात तान्हं पोर असन तं अजून एक. १९३१ मध्ये केलॉग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आपल्या दहा महिन्यांच्या पोरासोबत चिंपांझीचं पिल्लू वाढवलं, तं पोरगंच तिच्यासारखे आवाज काढाले लागलं. नऊ महिन्यांत गुंडाळलं सगळं.

डॉगलव्हर_धरमपेठ:
कोणाला चावलं, ओरबाडलं असेल तर आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आजच रेबीजचं इंजेक्शन घ्या, पिल्लू आहे म्हणून सोडू नका. कळप जवळपास आहे का? वानरांमध्ये दुसऱ्या माद्यापण पिल्लं सांभाळतात, त्यामुळे लवकर हालचाल केली तर चान्स असतो. पण स्वतः नेऊन ठेवू नका हं, कळपात नवा नर आलेला असेल तर तो पिल्लं मारतो.

संत्राबर्फी_नागपूर:
फोन केला, उद्या सकाळी येतो म्हणे. धाकट्याले नख लागलं होतं, त्याले घेऊन चाललो मेडिकलले. काकू तोंड फुगवून बसली. कळप अजून धुऱ्यावरच्या कडूनिंबावर आहे, हे सांगू का त्यायले?

फुटाळा_फिरस्ता:
आत्ताच सांग, उद्याची वाट नको पाहू. आन मोबाईलवर फोटो काढून ठेव.